अठ्ठेचाळीस ठिपके

गेल्या गुरुवारी वाघोलीला कॉलेजात माझी एम.ई.ची शेवटची परीक्षा होती. प्रोजेक्ट बाहेरच्या परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा. ते बघायला आई आदल्या दिवशीच वाशिमहून सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर आली होती...

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई ब्लाउज शिवते. मशीनला मोटर बसवल्यापासून टेबल इतकं थरथरतं की संध्याकाळी तिच्या हातांना मुंग्या येतात. माझा विषय मला तिथेच सापडला.

मी केलेली वस्तू दिसायला अगदी साधी आहे. ताटाएवढी प्लास्टिकची प्लेट, एका बाजूला अठ्ठेचाळीस छोट्या जिभा, म्हणजे लवचीक पट्ट्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढं वजन. एका ठरावीक थरथरीला त्या जिभा स्वतः हलतात आणि प्लेट शांत राहते. याला मेटामटेरियल म्हणतात. कमाल प्लास्टिकची नाही, रचनेची... म्हणूनच त्या सगळ्या टोकांचं वजन जरासुद्धा बदललं, तर चालत नाही.

लॅबमध्ये पोचलो तर आमचा नंबर आधीच पुकारला होता. आईला बाहेरच्या बाकावर बसवलं, घाईघाईत प्लेटचा कागद सोडला आणि जिभा खाली करून ती थरथर देणाऱ्या मशीनच्या फ्रेममध्ये बसवली. मशीन सुरू केलं.

प्लेट जिथे शांत होते तिथे आलेखात खड्डा पडतो. खड्डा पडला, छान खोल पडला... पण भलत्याच जागी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं त्याच्या बराच अलीकडे, कमी वेगाच्या थरथरीला.

परीक्षक मॅडम पुण्याच्याच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एकदा रिपोर्ट बघितला, एकदा स्क्रीन. "लिहिलंय एक आणि दिसतंय दुसरं. चष्मा आपण बदलायचा की मी?"

दोन वर्षांचं गणितच चुकलं की काय... नापास झाले तर आणखी सहा महिने, आणि महिनाअखेरीस रुजू व्हायची ठरलेली नोकरीही हातची जाणार. बाहेर आई डबा मांडीवर घेऊन बसलेली.

मी सेन्सर तपासला, स्क्रू आवळले. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून फ्रेमखाली वाकले.

प्रत्येक जिभेच्या टोकावर हळदीचा ठिपका. त्यावर कुंकू. त्यात चिकटलेला तांदळाचा एक दाणा... अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.

सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा आईने पूजा केली होती. आमच्याकडे नवीन मशीन आलं की करतात तशी. करून परत कागदात नीट गुंडाळूनही ठेवली होती.

क्षणभर वाटलं, काहीतरी दुसरंच कारण सांगावं. या मॅडमसमोर हळदकुंकू... पण खोटं जमेना. जे होतं ते सांगितलं. आमचे गाइड सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडम स्वतः वाकल्या, चष्मा वर करून निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "पुसा. पण आधी कागदावर लिहून द्या, पुसल्यावर खड्डा कुठे पडेल."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टोकं जड झाली की जिभा सावकाश हलतात, म्हणून खड्डा अलीकडे आला होता. म्हणजे गणित चुकलेलं नव्हतंच... मी रिपोर्टमधलाच आकडा पुन्हा लिहून दिला. ओल्या रुमालाने एकेक जीभ पुसली. मशीन सुरू केलं.

खड्डा जागेवर पडला. अगदी लिहिला होता तिथे.

सही करताना मॅडम म्हणाल्या, "कमीजास्त लागलं असतं तर आलेख विस्कटला असता आणि आपल्याला कारणही कळलं नसतं. हात सारखा आहे आईंचा. काय करतात?" मी म्हटलं, शिवणकाम. जाताना त्या बाकापाशी थांबून आईला नमस्कार करून गेल्या.

आई घाबरलीच. सगळं ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न, "माह्यामुळं बिघडलं का वं?" नाही म्हटलं, तुझ्यामुळे तर सिद्ध झालं. मग विचारलं, सगळ्यांना कशाला लावत बसलीस, एक ठिपका पुरला असता ना.

"एकीलेच लावलं अन् बाकीच्यायले नाही, बरं दिसते का?"

त्या दिवशी डब्यातल्या भाकरीला काय चव होती, सांगता येत नाही. ती प्लेट आता वाशिमला आईच्या मशीनखाली बसवायची आहे. अजून थोडं काम बाकी आहे, पण होईल... आता खात्री आहे.

एक गोष्ट मात्र आईला सांगितलेली नाही. कोपऱ्यातल्या एका जिभेवरचा ठिपका मी पुसलाच नव्हता. अठ्ठेचाळीसमधल्या एकटीच्या वजनाने खड्डा हलत नाही, हे मला गणिताने माहीत होतं. आईला कळलं तर बाकीच्या सत्तेचाळीस जणींसाठी तिला वाईट वाटेल.