इंदापूरच्या पुढं

आमच्या ह्यांचं बूड एका जागी ठरत न्हाय. संघपाल डायवर म्हणलं की बारामतीच्या डेपोत अजून वळखतात. सगळी नोकरी एसटीत, बारामती-इंदापूर, इंदापूर-बारामती. रिटायर झाल्यावर म्हणलं, आता तरी माणूस सुखानं दोन घास खाईल. कशाचं काय! एमआयडीसीतला एक जपानी साहेब मायदेशी निघाला होता, त्याची जपानहून आणलेली घरासारखी गाडी ह्यांनी फंडाच्या पैशात घेऊन टाकली. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. मला म्हणले, तुला बोधगयेला नेतो. मला खरंच भरून आलं. बोधिवृक्षाखाली एकदा डोकं टेकायचं, एवढंच माझं मागणं, आन् तेबी गुडघे चालतायत तोवर. डाक्टरनं सांगितलंच होतं, लई दिवस न्हाय चालायचे.

पण गाडी कसली, दारात सवत येऊन बसली. सकाळी चहाच्या आधी हे गाडीखाली, पाय तेवढे बाहेर. गाडीचं पुस्तक जपानीत. आमची लेक साक्षी पुण्यातनं मोबाइलवर त्याचा अर्थ लावून सांगायची, आन् हे बरोबर त्याच्या उलट करायचे. इंजनाचा पट्टा झिजला. तसला पट्टा बारामतीत कुठला मिळायला? जपानहून मागवला, आन् तो येईपर्यंत अंगणात नुसत्या येरझाऱ्या. पट्टा आला, तर पाण्याची टाकी गळायला लागली.

बरं, आहे ती गाडी नीट ठेवावी की न्हाय? तर न्हाय. खिडक्यांना आडव्या दांड्या ठोकल्या, टपावर सामानाची जाळी, मागं शिडी. टपावर काय कोंबड्यांच्या पाट्या न्यायच्यात का, असं मी इचारलं, तर हे शिडीचे नट आवळत बसले. चांगल्या गाडीचा पार लाल डबा करून टाकला. मग त्या वजनानं गाडी खाली बसली, म्हणून माळेगावच्या साखर कारखान्यापाशी जाऊन उसाच्या ट्रॉलीचे स्प्रिंगचे पाटे बसवून आणले. ते इतके टणक, की पहिल्याच खड्ड्यात आतल्या कपबशा फुटल्या.

बुद्धपौर्णिमा गेली, दिवाळी गेली. कधीबी इचारा, अजून एक काम राहिलंय. मी जिना उतरताना कठडा धरायला लागले, तरी ह्यांचं काम राहिलेलंच. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"माझे गुडघे काय जपानहून मागवणार हाय का तुमी?"

त्या दिवशी जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणले, उद्या निघू.

मी चपात्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली. अंथुर्णे गेलं, निमगाव केतकी गेलं. इंदापूर आलं, तशी गाडी सरळ एसटी स्टँडात घातली आन् फलाटाला लावून बंद केली. कंट्रोलर वळखीचा, म्हणून कुणी हाकललं न्हाय. उतरले, टायर चाचपले, बॉनेट उघडलं, झाकलं, परत उघडलं. मी खाली उतरून इचारलं, आता काय बिघडलं?

"काय न्हाय," म्हणले. बॉनेट झाकलं. "हितनं पुढं मी कधी गाडी हाकलीच न्हाय. तुला घेऊन कुठं अडकलो तर?"

म्हणजे गाडी कवाच तयार होती. एवढ्या दिवसांचा खटाटोप सगळा भ्यापायी. मला आधी राग आला, मग त्या तोंडाकडं बघून रागबी येईना. समजूत घालायला गेले असते, तर त्यांनी परत बॉनेट उघडलं असतं. मी पिशवी उचलली आन् चालायला लागले.

सोलापूरच्या हायवेपर्यंत गेले. गुडघा ठणकत होता, ट्रक अंगावरनं गेल्यागत जात होते. तिथं कडंला उभी राहिले. हात केलेला माणूस ह्यांनी नोकरीभर कधी रस्त्यात सोडला न्हाय, थांबा नसताना थांबले म्हणून मेमोसुद्धा खाल्लेत. लांबनं ती शिडीवाली गाडी दिसली, तसा मी हात केला.

आली. हळू झाली. माझ्यापाशी थांबली. ह्यांनी वाकून दार उघडलं, पण माझ्याकडं बघंनात.

"कुठं जायचं, बाई?"

"बोधगया."

ह्यांनी समोरच्या रस्त्याकडं एकदा बघितलं.

"बसा," म्हणले. "पण मला रस्ता इचारत जावं लागंल."

"इचारू की," मी म्हणलं, आन् हात पुढं केला. त्यांनी मला वर ओढून घेतलं.