समोरच्या गॅलरीतला कढीपत्ता

समोरच्या इमारतीत माझा एक फ्लॅट आहे. आज सकाळी चहा पिताना पाहिलं, तर तिथल्या भाडेकरूंच्या गॅलरीत कुंडी आली होती. कुंडीत चांगला कमरेएवढा कढीपत्ता. मी कप खाली ठेवला.

असे तीन फ्लॅट मी कर्ज काढून घेतले आहेत आणि भाड्यातून हप्ते भरतो. तेव्हापासून माझी नजरच बिघडली आहे. त्यांच्या दोरीवर कपडे दिसले नाहीत, की वाटतं, गेले की काय हे लोक? मग हप्ता कुठून भरायचा? जास्त कपडे दिसले, की वाटतं, पोटभाडेकरू तर ठेवला नाही ना? आणि आता हे झाड. शेवंती असती तर चाललं असतं, हंगाम संपला की गेली. कढीपत्ता वर्षानुवर्षं राहतो. करार मात्र अकरा महिन्यांचा. त्यांनी जाऊ नये, पण मुळंही धरू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

संध्याकाळी ती भाडेकरू बाई मूठभर पानं घेऊन दारात आली. "काका, काकूंना द्या. ताजी आहेत."

आता ही भाडं कमी करायला सांगणार, असं वाटून मी वाट पाहत राहिलो. ती हसून निघून गेली.

बायकोने पानं फोडणीत टाकली. "काय वास आहे! आपणही एक कुंडी आणू या का हो?"

"नको," मी म्हणालो. "हे घरही तारण आहे. कधी सोडावं लागेल, काय सांगावं?"

मी गॅलरीत गेलो. आमची गॅलरी लख्ख, रिकामी. समोरून पाहणाऱ्याला वाटत असेल, इथे कुणी राहत नाही.