सावंगीतला आमचा शेवटचा तान्हा पोळा

परवा तान्हा पोळा झाला. सावंगीतला आमचा बहुतेक शेवटचा...

सावंगी आता एकदम 'हॅपनिंग' झाली आहे म्हणतात. असेल. आमच्या गल्लीत चहाच्या टपरीच्या जागी कॅफे आला, भरलेल्या घरांचे पीजी झाले, भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं महागलं. आणि आमच्या बाबतीत एवढंच हॅपन झालं, की घरमालकीण काकूंनी मान खाली घालून सांगितलं, "खोल्या खाली करून द्या व माय. आता पीजीच टाकावं लागते."

काकू एकट्या, औषधांचा खर्च वाढलेला. खोलीत तीन खाटा टाकल्या की आमच्या दुप्पट भाडं येतं. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, हीच पंचाईत! आम्हाला देवळीकडे परवडणारं घर मिळालंय. नोकरी मात्र इथेच, म्हणजे आता रोज एसटी...

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. बायका नंदीला ओवाळतात, पोरांच्या हातावर खाऊ-पैशांचा बोजारा ठेवतात. दरवर्षी गल्लीतली सगळी पोरं मिळून निघायची. या वर्षी माझी ओवी एकटीच होती, म्हणून मी सोबत गेले.

सवयीनं ती आधी कोपऱ्यावरच्या घरी वळली. तिथे आता पीजीचं काचेचं दार आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं. आतला मुलगा हसून म्हणाला, "अभी कुछ नहीं लेना, बेटा." त्याला वाटलं, पोरगी खेळणं विकतेय.

त्याचा काय दोष... त्याच्या गावी ही रीत नसेल. ओवीने हळूच विचारलं, "आई, त्याले नंदी माहीतच नाई?"

मी तिला घेऊन परत घराकडे वळले. खोल्यांचं बोलणं झाल्यापासून काकू आमच्याशी नीट बोलत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या दारी जायचं माझ्या मनातच नव्हतं. पण बघते तर काकू पाट मांडून, ताट घेऊन दारातच बसलेल्या. "काऊन एवढा उशीर? मी कवाची वाट पाहून राह्यली!"

त्यांनी नंदीचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. ओवीच्या हातावर बोजारा ठेवून म्हणाल्या, "पुढच्या सालीबी याले माह्याच दारी आणजो."

ओवीने नंदी काकूंच्याच हातात दिला. "मंग याले इथंच राहू द्या. मी घ्याले येईन."

काकूंनी नंदी आत नेऊन देवघरात ठेवला आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारी टेम्पो येतोय. पातेल्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं नेऊ, खोल्या झाडून देऊ. नंदी तेवढा काकूंकडे राहील.

काकू, पुढच्या वर्षी पाट मांडून ठेवा... आम्ही येतोय.