नाव कामात हाय

मामाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत, सहावीच्या वर्गावर ओरडत होते. आमच्या बेटावर रेंज फक्त महादेवाच्या ओट्यावर उभं राहिलं की येते, त्यामुळं मामा उगाच फोन करत नाही. "अव्वा गेली गं," तो म्हणाला. शेवटचं काही बोलली का, मी विचारलं. मामा घुटमळला. "बोलली की. म्हणली, मला बसवताना त्या काठाकडं पाठ करा." आम्हा लिंगायतांत माणसाला झोपवून नाही, बसवून माती देतात. तोंड कुठं करायचं ते जंगमस्वामी ठरवतात. अव्वानं तेवढंसुद्धा स्वामींवर सोडलं नाही. मी जिन्यात बसून रडले, आणि रडता रडता मला हसू आलं, कारण मरतानाही बाई आपलं वैर विसरली नव्हती.

ती माझी आजी, आईची आई. गौराबाई तिचं नाव, पण सगळं बेट तिला अव्वाच म्हणायचं. पेपरच्या पुरवणीसाठी हा लेख मागताना संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "बेटावरची प्रेमळ माय, असं काहीतरी लिहा ना." माफ करा बाई. अव्वा प्रेमळ होती, पण आमच्यापुरती. बाकी ती डूख धरणारी बाई होती, आणि मला तिचा त्याबद्दल अभिमान आहे. गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावं म्हणतात. मला गोड म्हटलं की गुळाची काहील आठवते, आणि काहील आठवली की डोकं फिरतं. का ते सांगतेच. पण एक आधी सांगून ठेवते, समोरच्या काठावरच्या त्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही, आणि तिथल्या त्या माणसाचंही. अव्वानं जन्मभर ते उच्चारलं नाही. गावाला ती 'तिकडं' म्हणायची आणि माणसाला 'कामातले'.

लातूर जिल्ह्यात बेट आहे म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकतो. प्यायला पाणी नाही आणि म्हणे बेट! पण आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या नदीवर धरणाचं काम निघालं, तेव्हा अव्वानं पोटासाठी त्याच भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या. धरण भरलं, आणि तिचीच उसाची पट्टी, गुऱ्हाळ, सगळी वस्ती पाण्याखाली गेली. मधली टेकडी, जिथं पूर्वी नुसती गुरं चरायची, तेवढी वर राहिली. बाकीचे लोक उठून उदगीर-लातूरकडं गेले. आमच्यासारखी सात-आठ घरं टेकडीवर चढली, पत्रे ठोकले आणि तिथंच राहिली. "उतरंल की पाणी," अव्वा म्हणायची. पाणी काही उतरलं नाही, आणि अव्वाही टेकडीवरून हलली नाही.

बेटावरचं जगणं सगळं हाळीवर. काठावर उभं राहून लांब ओढून मारलेली हाक, तिला आम्ही हाळी म्हणतो. मीठ संपलं, मार हाळी. पाव्हणे आले, मार हाळी. काडेपेटी डोक्यावरच्या फडक्यात बांधून आणायची, म्हणजे भिजत नाही. देवणी गाय पलीकडं न्यायची तर तिला पाण्यात घालायची आणि शेपटी धरून आपण मागं तरंगायचं. काठाला लागल्यावर गाय असं अंग झटकायची की आपण दुसऱ्यांदा भिजायचो. ज्वारी, तूर, शेळ्या, आणि टेकडीच्या उतारावर खडकात खोदलेली जुनी विहीर, जी बहात्तरलाही आटली नव्हती. पोट भरायचं. होडी मात्र नव्हती. बाभळीची ओंडकी बांधून केलेला तराफा होता, तो पावसाळ्यात वाहून जायचा, की पुन्हा नवा बांधायचा.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला जायचं म्हणजे लोक बेजार व्हायचे. आता नवा जिल्हा, नवी कचेरी, नवा साहेब. अव्वा चार बायका घेऊन कचेरीत गेली. साहेबांच्या नकाशात आमची वस्ती बुडीत दाखवलेली. "आमी बुडालो, तर मग तुमच्यासमोर कोण बोलायलंय साहेब?" अव्वा म्हणाली. साहेब हसला, पण माणूस भला होता. बेटवस्तीसाठी लाकडी नाव मंजूर झाली. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडं, ग्रामपंचायत तिकडची, आणि सरपंच तोच, अव्वाचे 'कामातले'. नाव आली, तिला हार घातला, नारळ फोडला, आणि तिकडच्या काठावर चिंचेला ती बांधून टाकली. म्हणजे नाव आमची, पण हाळी आम्ही मारायची आणि त्याच्या मनात आलं तर ती यायची.

माझी आई महानंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासर रस्त्यावरचं, दवाखाना जवळ, पण पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही रीत... सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण म्हणाली, "आता माझ्या हातात न्हाई गौराबाई, दवाखाना गाठा." अव्वा काठाला धावली. "नाव पाठवा होऽऽ! लेक अडलीया!" चिंचेखाली बांधलेली नाव इकडून स्पष्ट दिसत होती. तिच्यात सतरंजी अंथरली होती, कारण नव्या कचेरीतले पाव्हणे सहलीला यायचे होते. अजून आले नव्हते. सरपंच स्वतः काठावर आला आणि ओरडला, "नाव कामात हायऽऽ!" अव्वानं पुन्हा हाळी मारली. पुन्हा तेच उत्तर. घसा फाटेपर्यंत ती ओरडत राहिली आणि नाव जागची हलली नाही.

तराफा पावसाळ्यात वाहून गेला होता, नवा अजून बांधला नव्हता. शेवटी बसवंतमामानं काहील ओढत आणली. ऊस होता तेव्हा जिच्यात गूळ शिजायचा ती मोठी लोखंडी काहील, नंतर अंगणात गुरांच्या पाण्याला ठेवलेली. तिच्यात आईला निजवलं, उशाला अव्वा बसली, आणि मामा पाण्यात उतरून पोहत पोहत ती ढकलू लागला. मी त्या काहिलीत जन्मले. काठ येईपर्यंत आई संपली होती. चिंचेखाली लोक जमले होते, पाव्हण्यांचा पत्ता नव्हता. सरपंच म्हणाला, "घ्या की आता नाव." अव्वानं एकदा त्याच्याकडं बघितलं, मला पदराखाली घेतलं आणि मामाला म्हणाली, "फिरव मागारी." माझ्या आईची समाधी बेटावर आहे, महादेवाच्या ओट्यामागं.

काहिली म्हणजे अंगाची आगही. "काहिलीत जन्मलीस, तुझ्या डोस्क्यात काहिली ऱ्हाणारच," असं अव्वा माझी वेणी घालताना म्हणायची, आणि केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यावं. तिनं तिकडच्या काठाला पुन्हा पाय लावला नाही. बाजाराला जायचं तर ती बेटाच्या मागच्या बाजूनं तराफ्यानं पलीकडच्या खडकांवर उतरायची आणि पायी लांबचा फेरा घ्यायची. तक्रार केली होती. चौकशी झाली, आणि तिकडच्या झाडून सगळ्या लोकांनी सांगितलं की नाव त्या दिवशी खरंच कामात होती. अव्वा घरी येऊन मामाला म्हणाली, "कागद त्यांचा हाय. तोंड तर माझं हाय न्हव?"

आणि काय चालवलं तिनं ते तोंड! देवणीचा गुरांचा बाजार असो, उदगीरची जत्रा असो, कुणाच्या लग्नाचा मांडव असो, ती हे सांगायची. रडून नाही, चवीनं, नक्कल करून, हात कमरेवर ठेवून, "नाव कामात हायऽऽ!" लोक आधी हळहळायचे, मग हसायचे, मग घरी जाऊन दुसऱ्याला सांगायचे. होता होता त्याची म्हण झाली. उधार मागणाऱ्याला दुकानदार म्हणायचा, नाव कामात हाय. भाकरी मागणाऱ्या नवऱ्याला बायको म्हणायची, नाव कामात हाय. सरपंचाच्या पोराला मुलगी सांगून आली, पाव्हणे निम्म्या वाटेत एसटीत ही म्हण ऐकून परत फिरले. पुढं तो पंचायत समितीला उभा राहिला. सभेत भाषणाला उठला की मागून कुणीतरी बारीक आवाजात ओढायचं, "नाऽऽव..." आणि सगळा मांडव खो खो. पडला! अव्वानं त्या दिवशी बेटावरच्या पोरांना गूळ वाटला. लोक मला सांगतात, सूड घेऊन समाधान मिळत नसतं. ज्यांनी कधी घेतला नाही त्यांनी हे सांगू नये.

मी उदगीरला वसतिगृहात शिकले, नांदेडला नोकरीला लागले, आणि मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. धरणाचा तळ उघडा पडला. आमचं बेट पुन्हा टेकडी झालं. माणसं चालत येऊ लागली. आमची बुडालेली पट्टी, गुऱ्हाळाची चूल, सगळं भेगाळलेल्या चिखलातून वर आलं. अव्वा एकटीच तिथं फिरून आली. मी तेव्हा सुट्टीला गेले होते. विहिरीला पाणी होतं. तिकडच्या बायका घागरी घेऊन आल्या आणि लांबच थबकल्या. अव्वा म्हणाली, "या गं. माझं वैर माणसाशी हाय, घागरीशी न्हाई." त्याच्या सुनाही न्यायच्या. अव्वा त्यांना दोर ओढू लागायची.

पण एका सकाळी तो स्वतः जीप घेऊन कोरड्या तळातून आला, सोबत मोटार आणि पाइपाची भेंडोळी. विहिरीवर मोटार बसवायची, पाणी तिकडं न्यायचं आणि टाकीवर स्वतःच्या नावाची पाटी लावायची, असा बेत. अव्वा विहिरीच्या काठावर बसून होती. तिनं बोट दाखवलं. "तितं काठ व्हता आमचा. तितं उभं ऱ्हावा, अन् मारा हाळी."

तो हसला. "गौराबाई, पाणी कुटं हाय आता? नाव कशाला?"

"हाळी मारल्याबिगर आमच्यात कुणी येत न्हाई."

घागरीवाल्या बायका थांबून बघू लागल्या. तो चिखलाच्या ढेकळांवर जाऊन उभा राहिला आणि पुटपुटला. "ऐकू येईना!" अव्वा म्हणाली. मग तो ओरडला, सत्तरीतला माणूस, उन्हात, कोरड्या तळात, "नाव पाठवा होऽऽ!"

अव्वानं पदर सावरला. घाई केली नाही. इतक्या वर्षांत बाजाराबाजारांतून तालीम केलेलं वाक्य होतं ते. "नाव कामात हायऽऽ!"

एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. त्याच्या सुनेनंसुद्धा तोंडाला पदर लावला. तो जीपमध्ये बसला आणि धुरळा उडवत गेला. त्या दुपारी अव्वानं पिठलं मागून घेतलं, दोन भाकरी खाल्ल्या आणि घोरत झोपली. संध्याकाळी मात्र मी तिला शोधत ओट्यामागं गेले, तर आईच्या समाधीला टेकून बसलेली. "महानंदे, मारली गं त्यानं हाळी," ती म्हणत होती. "लई उशिरा मारली..." आणि मग अशी रडली, की मला तिच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. मी ओट्याआडच थांबले.

आता बेटावर तीनच घरं उरलीत. सौरदिवे आलेत, मामाची स्वतःची फायबरची नाव आहे, सुट्टीच्या दिवशी लातूरची पोरं फोटो काढायला येतात. यंदा धरण काठोकाठ आहे. अव्वाच्या शिवगणाराधनेला, म्हणजे तेराव्यासारखं जे जेवण असतं त्याला, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करायची होती. तिनं मामाला बजावून ठेवलं होतं, माझी हुग्गी त्या काहिलीतच शिजवा, तिला एकदा गोड होऊ द्या. आम्ही राखेनं, वाळूनं काहील घासली. मी एकाच जागी घासत राहिले. मामानं माझ्या हातातला चोथा काढून घेतला. गहू शिजले, गूळ पडला, वास सुटला. मागच्या काठानं आलेल्या पाव्हण्यांना मामानं आणून सोडलं, नाव बांधली, आणि तेवढ्यात तिकडून हाळी आली.

तोच होता. काठी टेकत, पांढऱ्या कपड्यात, सोबत पोरगा आणि हार. पोरानं आदल्या दिवशीच मामाला फोनवर सांगितलं होतं, बेटावर नौकाविहार सुरू करायचाय, नावेला गौराबाईंचं नाव देऊ, श्रद्धांजलीच्या भाषणात जाहीर करतो. अव्वाचं नाव! नावेला!

"नाव पाठवा होऽऽ!"

मामानं वल्हं उचललं. "जाऊ दे गं. मरणासंगं वैर सरतं म्हणतात. म्हातारा झालाय, उन्हात उभा हाय."

माझी आईही उन्हातच होती. नाव समोर रिकामी डुलत होती, चिंचेखाली त्या दिवशी डुलत असेल तशीच. मी पळी खाली ठेवली, काठापर्यंत गेले, दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"नाव कामात हायऽऽ!"

आवाज माझा नव्हता, हुबेहूब अव्वाचा होता. मामानंही दचकून ओट्यामागं, अव्वाला बसवलं तिकडं, बघितलं. पलीकडं पोरानं काठी टेकलेल्या त्या माणसाला धरून चिंचेच्या सावलीत नेलं, आणि मी परत फिरले, कारण हुग्गी खाली लागायला आली होती.