तालाच्या मागून चालणारी एस्तेरबाई

मार्गशीर्षातल्या सकाळच्या उन्हाला आमच्या वऱ्हाडात नव्या कापसाचा वास असतो. कोरडा, किंचित धुळकट, आणि तरीही उबदार. नुकत्याच पिंजून भरलेल्या गादीत तोंड खुपसावं तसा. अकोल्याच्या जुन्या चर्चच्या आवारात कापणीच्या सणाला मी गेले, तेव्हा त्या वासात आणखी कितीतरी गंध मिसळले होते. ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी आपापल्या शेतातलं पीक देवापुढे आणून ठेवतात. मांडवात तुरीच्या ओल्या शेंगांचे भारे होते, संत्र्यांच्या टोपल्या होत्या, दंव न वाळलेली मेथी होती, आणि त्या साऱ्या सुगीच्या मधोमध, एका साध्या लाकडी खुर्चीवर, एक्याऐंशी वर्षांची एस्तेरबाई बसली होती. उपासना आटोपली होती. आता ती गाणार होती. आणि मी पहिल्या रांगेत, मांडीवर एक कागद धरून, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी घामेजले होते.

ती कोण, ते आधी सांगायला हवं. अमरावतीला आमच्या घरामागच्या गल्लीत ती नऊ वर्षांपूर्वी राहायला आली. बाप बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड. चर्चमध्ये गाता गाता एकोणिसाव्या वर्षी ती मुंबईला गेली आणि एका मोठ्या हॉटेलात, गोव्याकडच्या वादकांसोबत, जॅझ गाऊ लागली. नाव बदललं, केस कापले, चंदेरी झग्यात उभी राहिली. पुढे कलकत्ता, पुढे कोलंबो, पुढे समुद्रावरच्या बोटी. लोकांची आवड पालटली, एकेक बँड बंद पडत गेला, तेव्हा ती साबणाच्या जाहिरातींत गायली, दुसऱ्यांच्या गाण्यांमागे नुसते आलाप दिले, शाळेत पोरांना शिकवलं. पण आठवड्यातून एक संध्याकाळ कुठे ना कुठे उभं राहून गायची, ती बहात्तराव्या वर्षापर्यंत. लग्न का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ज्या बाईला मी रोज पाव किलो भेंडी निवडून घेताना पाहत होते, तिच्या गळ्यात एवढं आकाश दडलेलं असावं, हे कळायला मला वर्ष लागलं.

आणि कळलं तेही आमच्या फजितीतूनच. दर गुरुवारी माझ्याकडे बायकांचं भजन असतं. एस्तेरबाई एकदा येऊन मागे भिंतीला टेकून बसली. आम्हीच आग्रह केला, की बाई, तुमचंही एखादं होऊ द्या. तिनं डोळे मिटले आणि इंग्रजीत काहीतरी सुरू केलं. आवाज जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा, थोडा काळवंडलेला, पण आतून चकाकणारा. दुसऱ्या ओळीवर ती एकाएकी थांबली. आता आमच्या भजनाची रीत अशी, की पुढे गाणारी बाई अडखळली, तिचा श्वास तुटला, तर बाकीच्यांनी तत्काळ धृपद उचलायचं; गाणं जमिनीवर पडू द्यायचं नाही, ते पाप. तिचं इंग्रजी धृपद आम्हाला कुठून येणार? आम्ही सात जणींनी टाळ घेतले आणि आमचाच विठ्ठल दणक्यात सुरू केला.

एस्तेरबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अवो बायांनो, मी मेली नाही अजून! थांबली होती फक्त!"

आमची यमुनाबाई कुठली ऐकते? ती म्हणाली, "थांबाले काय झालं? गाडी चुकन ना अशानं!"

"चुकू दे," एस्तेरबाई म्हणाली. "ताल काही पळून नाही जाऊन राहिला. तुमी त्याच्या डोक्यावर पाय देऊन चालता. जरा मागून चालून पाहा. त्याले वाटलं पायजे, का आता येते का नाही येत ही बाई."

मग ती मला समजावत बसली, त्या दिवशी आणि पुढेही पुष्कळदा, ओट्यावर उन्हाला पाठ देऊन. ती म्हणे, की सूर लावायला तिला दोन वर्षं लागली आणि सूर न लावता थांबायला वीस. एकच गाणं तिनं पन्नासहून अधिक वर्षं गायलं, पण ते दोनदा सारखं गायलं नाही. आमचं फुलांचं शेत; शेवंतीचं झाड तेच असतं, वाफाही तोच, पण कालचं फूल आज कधी उमललेलं मी पाहिलेलं नाही, आणि तरी माणसाच्या कंठाला असं जमत असेल यावर माझा विश्वास बसायला ती भेटावी लागली.

मग गेल्या पावसाळ्यात तिचे शब्द हरवू लागले. आधी भाज्यांची नावं, मग माणसांची. मला ती एकदा तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारून गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. ती रडली नाही. म्हणाली, "पुरतं एक गाणं गायचं हाये, वच्छले. शब्दांसकट. जिथं पयल्यांदा लोकायसमोर गायली, तिथंच." ती जागा म्हणजे अकोल्याचं हे आवार. मला इंग्रजी येत नाही, म्हणून तिनं सांगितलं आणि मी त्या गाण्याचे शब्द आपल्या अक्षरांत कागदावर उतरवले.

"मी विसरली तं नुसते ओठ हलव. पण मी थांबली असली तं चूप बस."

"मले कसं कळन?"

"मले तरी काय माहीत? तुले कळलं पायजे."

म्हणून मी पहिल्या रांगेत होते.

सॅम्युअलभाऊंनी, तिच्या बापाच्याच वेळच्या एका रेल्वेवाल्याच्या मुलानं, गिटार छेडली. तिनं सुरुवात केली, आणि संत्री चाचपणारे, पोरांना दटावणारे सारे हळूहळू तिच्याकडे वळले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. माझं बोट ओळीवरून सरकत होतं, एकेक शब्द सुखरूप पोचत होता. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती थांबली.

गिटारीचं आवर्तन एकदा फिरून आलं. दुसऱ्यांदा फिरून आलं. सॅम्युअलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एस्तेरबाईनंही माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. विहिरीच्या तळाशी पाणी आहे की नुसता उजेड, हे काठावरून कळत नाही तसं. माझ्या सत्तर वर्षांच्या हाडांत मुरलेली रीत ओरडत होती, उचल, गाणं पडतंय, उचल! शब्द माझ्या जिभेवर होता. मी दात आवळून धरले. माझी चूक होत असेल, तर या बाईच्या आयुष्यातलं शेवटचं गाणं माझ्यामुळे मोडणार होतं.

तिसरं आवर्तन अर्ध्यावर असताना ती आली. शब्दांशिवाय. नुसते ओकार, आकार, मध्येच एखादं हसरं व्यंजन. पारव्यांचा थवा अचानक उठून एका अंगावर कलावा, तसा तो आवाज कलला, वर गेला, चिरकला, चिरकण्यालाच त्यानं वळण दिलं, आणि साऱ्या कडव्यावरून असा फिरून आला, की मला हात जोडावेसे वाटले. हातात कागद होता, तो तसाच राहिला. शेवटच्या ओळीला शब्द परतले, सगळेच्या सगळे.

दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. खिडकीतून वेचणीला आलेली पांढरी रानं सरकत होती. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "एस्तेरबाई, खरं सांगा. तिसऱ्या कडव्याले तुमी थांबल्या होत्या, का विसरल्या होत्या?"

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं, मिश्कील म्हणावं असं, किंवा कदाचित नुसतं कलतं ऊन.

"कोणतं कडवं?" ती म्हणाली.

एरवी मी लगेच काहीतरी बोलले असते. आयुष्यभर मी माणसांच्या गप्प राहण्यावर घाईघाईनं माझे शब्द पांघरत आले आहे, तेवढीच माया मला येत होती. मूर्तिजापूर मागे पडलं, कुरूम आलं. ती बाहेर पाहत राहिली. मी तिच्या शेजारी गप्प बसून राहिले.