बाबांची दाद

डब्लिनहून ड्राइव्ह करून आम्ही एका कॉलेजच्या गावी गेलो होतो. सोबत सांगलीहून आलेले माझे बाबा. सकाळी तळ्यावर एका विद्यार्थिनीने आम्हाला कयाकमध्ये बसवलं, बाबांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून दिले. संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि स्टेजवर चेलो घेऊन तीच बसलेली! दिवसभर तळ्यावरच असणार, केस अजून ओलेच. हे गाव मला तिथेच आवडून गेलं.

वाजवता वाजवता ती एका स्वरावर अशी काही रेंगाळली, की बाबा मोठ्यांदा म्हणाले, "वा! क्या बात है!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. इथे वादन संपेपर्यंत लोक खोकलासुद्धा आवरून धरतात. मी घाईघाईने बाबांचा हात दाबला.

"अगं, इतकं सुंदर वाजवल्यावर गप्प बसायचं?" ते करवादले.

कार्यक्रम संपल्यावर ती थेट आमच्याकडेच आली. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात ती बाबांना म्हणाली, "त्या एका जागेसाठी मी अख्खा हिवाळा सराव केलाय. वाटलं होतं, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी हात माझ्यापुढे केला. "घे. दाब आता!"