गाईला सांगितलेले नवे गडी

लग्न होऊन आठ महिने झाले तरी मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्यात भांडण काहीच नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी होती. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि सासऱ्याला काही सांगायचं असेल तर सासूच्या तोंडून सांगायचं. घरी हे जमून जायचं, कारण माझ्या सासूबाईंच्या तोंडाला तशीही विश्रांती नव्हती. पण त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत न्यायची वेळ आली. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला, सासूबाई गावात त्याच टँकरच्या रांगेत घागरी मांडून बसल्या, आणि छावणीत उरलो मी, सासरे, दोन बैल आणि एक गाभण गाय.

आता बोलायचं कसं? दुसऱ्याच दिवशी मी मार्ग काढला. भाकरी झाल्यावर गाईच्या पाठीवर थाप मारून मोठ्यांदा म्हणाले, "गाये, भाकर वाढलीय बरं का. निवून चाललीय." मामा, म्हणजे माझे सासरे, आले, जेवले, हात धुतले आणि बैलाकडं तोंड करून म्हणाले, "बैल्या, कोरड्यास लई तिखट झालंय."

"गाये, मिरच्याच तशा हायेत," मी म्हणाले.

असा आमचा कारभार सुरू झाला. गाय आणि बैल मधे चारा खात उभे असायचे. ही माणसं आपल्याला किती जीव लावतात, असं त्या मुक्या जनावरांना वाटत असणार.

छावणी माजलगावच्या बाजूला, एका सहकारी साखर कारखान्याच्या अड्ड्यावर होती. जिथं एरवी उसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथं आता आमची जनावरं बांधलेली. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचं धुराडं थंड होतं. कामगारांना काम नव्हतं, छावणीतल्या लोकांना तर शेण काढण्यापलीकडं काहीच नव्हतं. म्हणून संचालकांनी कबड्डीचे सामने ठेवले. आसपासच्या सोसायट्यांचे आठ संघ. मैदान अड्ड्याला लागूनच. त्यावर शिंपडायला पाणी नव्हतं, त्यामुळे एखादा गडी धरला की सगळेच धुरळ्यात गडप व्हायचे आणि पंच शिट्टी तोंडात धरून धुरळा बसायची वाट बघत उभे राहायचे.

अख्ख्या अड्ड्यावर झाड एकच, कडुलिंबाचं. त्याच्या सावलीत दोन जनावरं नीट बसायची. बाकीच्यांवर पोत्यांचं छप्पर, त्यातून ऊन गाळून यायचं एवढंच. झाडाच्या चार बाजूंना चार जणांचे दावणीचे खुंटे होते आणि झाड आपलंच असं चौघांनाही वाटत होतं. त्यातले एक मामा. दुसरे आमच्या शेजारगावच्या दूध सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनकी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आपल्याकडे हुद्दा जातो, हाक जात नाही. तिसरे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. चौथे एक म्हातारे मेंढके. त्यांची मेंढरं त्यांच्या पोरांनी नदीकाठानं खाली नेली होती आणि हे दोन बैल घेऊन इथं राहिले होते.

आमची गाय पहिलारू होती, पहिलंच वेत. दिवस भरत आले होते आणि उन्हात तिची जीभ बाहेर यायची. तिला सावली मिळालीच पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मामांच्याही. ते दर दुपारी आपलं उपरणं भिजवून तिच्या पाठीवर टाकायचे आणि बैलाला म्हणायचे, "बैल्या, झाडाचं कायतरी बघाय पायजे."

झाडाचा निकाल लावायची युक्ती कंडक्टरांनी काढली. पुण्याला पोराकडं गेले असताना त्यांनी त्याला मोबाइलवर एक खेळ खेळताना पाहिलं होतं. खरे खेळाडू मैदानात खेळतात, आपण त्यातले निवडून कागदावर आपला संघ करायचा, आणि त्यांनी मिळवलेले गुण आपले. "आपुन बी तसंच करू. जिंकंल त्याचं झाड, छावणी उठंस्तोवर," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. जुने गडी तासाभरात वाटून झाले. ते सगळ्यांच्या माहितीतले, उन्नीस-बीस. खरी मेख नव्या गड्यांत होती. दर संघानं पूर्वी कधीच न खेळलेला एक गडी उतरवलाच पाहिजे, असा सामन्यांचा नियम होता. म्हणजे आठ नवी पोरं, आणि चौघांना त्यातलं एकेक घ्यायचं. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी चेअरमनची, मग कंडक्टर, मग मेंढकेबाबा आणि शेवटी मामा.

नव्या गड्यांची यादी चारा वाटपाच्या खिडकीशेजारी चिकटवली होती. मी पेंढ्या घ्यायला गेले तेव्हा वाचली, आणि सातव्या नावावर माझं बोट थांबलं. गाव तेलगाव. नाव माझ्या धाकट्या भावाचं.

आमच्या भावाला कबड्डीत घेतलं म्हणजे त्यांच्याकडं माणसांचाही दुष्काळ पडला असणार. लहानपणापासून त्याला दम लागायचा. शाळेत पळत निघाला की मारुतीच्या देवळाशी बसायचा, आणि त्याचं दप्तर मी न्यायची. पण हे सासरी कुणाला सांगायचं? माहेरचं उणं कुणी आपल्या तोंडानं सांगतं का! मी यादीकडं पाठ केली आणि ते नाव कुणाच्या नजरेला न पडो म्हणून देवाला हात जोडले.

तेलगावचा संघ सामन्याच्या दिवशीच येणार होता. बाकी सातांना मी सकाळी सराव करताना रोज बघत होते. शाळेत असताना मीही कबड्डी खेळलेय, दोन वर्षं कॅप्टन होते, त्यामुळे बघायचं काय ते कळत होतं. केजकडचा एक पोरगा होता, अगदी काडीपैलवान. बोलायचा नाही, मांडी थोपटायचा नाही. जायचा, हळूच शिवायचा आणि माघारी यायचा. असा की ज्याला शिवलं त्यालाही जरा वेळानं कळायचं. तो आपल्याला मिळायला हवा होता. पण आमची पाळी शेवटची.

मग मी गड्यांचा विचार सोडला आणि निवडणाऱ्यांचा केला. महिनाभर या तिघांना चारा घेताना पाहिलं होतं. चेअरमन नेहमी सगळ्यात फुगीर पेंढी उचलायचे, आतून ती ओली असली तरी. कंडक्टर दुसऱ्यानं जिच्याकडं हात नेला तीच ओढायचे. मेंढकेबाबा तेवढे पेंढी सोडून, वास घेऊन घ्यायचे. माणूस चारा घेतो तसाच गडी घेणार, दुसरं काय?

संध्याकाळी मी गाईची पाठ खाजवत सांगून टाकलं. "गाये, चेअरमनसाहेब त्या कारखान्याच्या संचालकाच्या पोराला घेत्यात बघ. धिप्पाड हाय, बापाच्या मागं मतं बी हायेत. कंडक्टर मेंढकेबाबाकडं बघत बसतील आन् बाबा ज्याच्याकडं टक लावतील त्यालाच घेतील. बाबा मांड्या बघून तो घाटावरचा बुटका घेतील. केजचा काडीपैलवान कुणाच्या डोळ्यात न्हाई. त्यो ऱ्हातो आपल्याला."

बैलापाशी बसलेले मामा तंबाखू मळायचे थांबले. मग म्हणाले, "बैल्या, ही गाय लई हुशार हाय."

मला आभाळ ठेंगणं झालं. आठ महिन्यांत मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि तीही गाईच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं लिंबाखाली बसले. मी दहा हातांवर गव्हाण झाडत होते. झाडून झालेली गव्हाण मी पाच वेळा झाडली. चेअरमननी घसा खाकरला आणि सर्व बाजूंचा विचार करून संचालकाच्या पोराचं नाव घेतलं. मेंढकेबाबा मैदानाकडं बघत होते. तिथं एक उंच पोरगा उड्या मारत होता. कंडक्टरांनी बाबांची नजर पकडली आणि झटकन म्हणाले, "त्यो उंच मला!" बाबा शांतपणे म्हणाले, "घ्या की. मी त्याच्या मागच्या शेळीकडं बघत व्हतो." आणि त्यांनी घाटावरचा बुटका घेतला.

तिन्ही बरोबर! मी गाईकडं बघितलं. आता फक्त एक नाव घ्यायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं तर झाड आमचं होतं, गाय सावलीत होती, वासरू सावलीत उड्या मारत होतं.

मामांनी उपरणं झटकलं, ताठ बसले आणि माझ्या भावाचं नाव घेतलं.

माझ्या हातातला खराटा पडला. पदर, रीत, चार माणसं, सगळं विसरून मी ओरडले, "मामा! त्याला कावून घेतलं? त्याला दम लागतो, त्यो मारुतीच्या पुढं जात न्हाई!"

सून सासऱ्याशी बोलली, तीही चारचौघांत, तीही ओरडून. चेअरमन तर असे बघत होते, जणू म्हशीनंच ठराव मांडलाय. मामा माझ्याकडं वळलेच नाहीत. ते बैलाला म्हणाले, "बैल्या, लग्नात कानपिळीला त्या पोरानं आमच्या लेकाचा कान असा पिळला की दोन दिस सुजला व्हता. पकड हाय त्याच्यात. आन् पावण्याचं पोरगं यादीत असताना दुसऱ्याचं घ्यायचं, ही काय रीत झाली?"

त्यापुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. भावानं पहिल्या चढाईत "कबड्डी, कबड्डी" असं सात-आठ वेळा म्हटलं आणि नंतर तो समोरच्यांच्या मैदानात खाली बसला. कुणी त्याला धरलंही नाही. उलट त्यांच्यातल्याच एकानं पाणी आणून दिलं. दुसऱ्या चढाईत धुरळा बसल्यावर तो रेषेच्या अलीकडं निघाला की पलीकडं यावर वाद झाला, तो वादही आपण हरलो. अख्ख्या सामन्यांत त्याचा गुण एकही नाही. केजचा काडीपैलवान मात्र रोज शिवून येत होता. त्याला कागदावर कुणीच घेतलं नव्हतं, त्याचे सगळे गुण वाऱ्यावर गेले आणि प्रत्येक गुणाला मी दात-ओठ खात होते. झाड मेंढकेबाबांना मिळालं.

सामने संपल्यावर भाऊ मान खाली घालून आमच्या दावणीवर आला. मामांनी त्याला पोतं अंथरून बसवलं, शेजाऱ्याकडून दूध उसनं आणून चहा पाजला आणि "जोर लावला बरं का पोरा" म्हणाले. मला रडू यावं की हसू, कळेना. आणि रागही आला होता, तो वेगळाच.

मेंढकेबाबा माणूस मोठा होता. ते म्हणाले, "गाय बांदा झाडाखाली, माझी बैलं काय उन्हाला भेत न्हाईत." मामा म्हणाले, "न्हाई. हारलो ते हारलो." त्या रात्री मी गाईला सासऱ्यांबद्दल जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुरुषांची इज्जत, आणि ऊन मात्र गाईनं खायचं!

चार दिवसांनी भर दुपारी तिला कळा लागल्या. मामांनी सगळी इज्जत सोडून तिला झाडाकडं ओढायला घेतलं, पण ती तिथंच उन्हात बसली आणि उठेना. डोळे पांढरे केले तिनं. मी पत्र्याच्या पेटीतून माझं दुसरं लुगडं काढलं, त्याचं एक टोक दोन्ही हातांत उंच धरलं आणि दुसरं मामांच्या हातात दिलं. बाबा धावत आले आणि गाईच्या मागं बसले. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो, वर लुगडं, खाली गाय. माझा पदर डोक्यावरून घसरला. तो घ्यायला हात मोकळा नव्हता, आणि तो बघितला नाही असं दाखवायला मामांनाही मान फिरवता येत नव्हती.

पाऊण तास झाला असेल. बैल लांब होते. मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "हात दुखत्यात का, माय?"

"न्हाई," मी म्हणाले. दुखत होते.

"भावाला दम लागतो हे आधी सांगायचं न्हाई का?"

"माहेरचं उणं कसं सांगू, मामा?"

ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या मनात त्योच हाय, आन् लाजून दुसऱ्याचं नाव घेतीस. गाईला बी त्याचं नाव सांगितलं न्हाईस, तवाच म्हनलं, पोरीला माहेराची लई याद येती."

तिघांच्या मनातलं मी चाऱ्याच्या पेंढीवरून ओळखलं होतं, आणि रोज माझ्या हातची भाकरी खाणारा माणूस माझ्याबद्दल काय विचार करतो, याचा मला पत्ताच नव्हता. डोळ्यातलं पाणी गालावर आलं, तेही पुसता येईना.

तेवढ्यात बाबा ओरडले, "आलं!" कालवड होती. गाईनं मान वळवून तिला चाटायला सुरुवात केली. लुगड्याच्या सावलीत ती धडपडत उठली, पडली, पुन्हा उठली. कान टवकारून, शेपूट उभारून जोरात पळाली. तीन पावलं. मग मटकन खाली बसली आणि धापा टाकायला लागली.

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुझ्या भावावर गेलीय," ते म्हणाले.

मी इतकी हसले की माझ्या हातातलं टोक सुटलं आणि लुगडं बाबांच्या डोक्यावर पडलं.